डाव्या खणातल्या शक्तीच्या गोळ्या

माझं झाकण उघडलंत की आधी तुम्हाला तुमचंच तोंड दिसेल. बहुतेकांना तेवढंच बघायचं असतं. ते बघून झालं, कुंकू सारखं केलं, की झाकण लावून मोकळे. आज मात्र घटकाभर ते उघडं राहू द्या. मी एक फणेरपेटी. बोलायला बसले आहे ती माझ्या शकुनबद्दल, आणि बोलल्याशिवाय आता माझ्याच्यानं राहवत नाही.

मी मूळची मोर्शीची, मेळघाटातल्या सागाची. मोतीराम सुतारानं मला घडवलं. झाकणात आरसा बसवला, कुंकवाला आणि मेणाला वाट्या कोरल्या, आणि खाली दोन लहानसे खण केले. उजवा खण लोण्यासारखा सरकतो. डावा अडतो. शकुनच्या वडिलांनी, केशवरावांनी, त्याबद्दल कुरकुर केली तेव्हा मोतीराम म्हणाला, "अडू द्या भाऊ. बाईमानसाची वस्तू हाय. कोनाच्याबी हातानं चटकन उघडाले नोको." केशवरावांच्या संत्र्याच्या बागेला त्या वर्षी मृगबहार दणकून आला होता, म्हणून त्यांनी हसून ऐकून घेतलं. लेकीच्या लग्नात त्यांनी मला दिलं आणि मी शकुनच्या मांडीवर बसून मोटारीनं अकोल्याला आले.

मोर्णा नदीच्या काठी भाजीपाल्याचा मळा, मळ्याला लागून घर. सासू चतुराबाई मळा पाहायच्या. मुलगा उद्धव घरातला पहिला शिकलेला, शाळेत मास्तर होता. धाकटी लेक बेबीताई लग्नाची. चतुराबाई तोंडानं फटकळ होत्या, पण वेलीवरची पहिली कोवळी काकडी सुनेच्याच ताटात पडायची. उगाच कुणाला नावं ठेवायला मी बसलेली नाही. या घरात वाईट माणूस कुणीच नव्हतं, हेच तर माझं दुखणं आहे.

शकुन सकाळी माझ्यापुढे बसायची. लांब केस, भराभर वेणी, आणि उठताना आरशाला एकदा जीभ दाखवायची. मला त्याचा राग यायचा आणि एखादे दिवशी ती विसरली तर जास्तच यायचा.

ही गोष्ट त्रेसष्ट सालची. दिवाळीनंतर आधी तिचं जीभ दाखवणं थांबलं. मग वेणी राहिली. मग आठवडा आठवडा माझं झाकणच उघडेना. लोकांना कारण पाहिजे असतं. "खायले कमी नाई, नवरा हात लावत नाई, मंग कावून?" असं एक शेजारीण म्हणायची. दुसरीला मूलबाळ नाही हे दिसायचं, तिसरीला नजर. शकुन सासूला एवढंच म्हणाली, "आई, मले काईच नाई झालं. दुखत बी नाई. फकत उजाडते अन् मले वाटते, आता हा आख्खा दिवस कसा ढकलू?" चतुराबाईंनी तिच्या डोक्याला तेल लावून दिलं.

उद्धव तिला नागपूरला मनाच्या आजारांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. तिथून गोळ्यांची बाटली आली. नव्या तऱ्हेच्या गोळ्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर धीर धरा, आणि दुसरं कुठलंही औषध, झोपेचं तर मुळीच, मला विचारल्याशिवाय देऊ नका. उद्धवनं हे आईला दोनदा सांगितलं. मग तो ट्रेनिंगसाठी अमरावतीला गेला.

त्याच दिवसांत बेबीताईसाठी धामणगावचं स्थळ आलं होतं. चतुराबाईंनी सून आणि लेक दोघींना समोर बसवून सांगितलं, "डोक्याच्या डाक्टरच्या गोळ्या हायेत, असं कोनासमोर बोलाचं नाई. धामनगावाले कयलं त सोयरिक मोडली म्हून समजा. कोनी इचारलं त सांगाचं, शक्तीच्या गोळ्या हायेत." शकुननं मान हलवली आणि बाटली माझ्या डाव्या खणात ठेवली.

शब्द घरात रुळला. "वहिनी, शक्तीची घेतली काय?" असं बेबीताई मळ्यातून ओरडून विचारायला लागली. गंमत अशी की लोकांना फसवायला चतुराबाईंनी हा शब्द काढला आणि सगळ्यांत आधी त्याच फसल्या. महिना उलटायच्या आत त्यांच्या मनातून नागपूर पुसलं गेलं. त्यांच्या दृष्टीनं त्या खरंच शक्तीच्या गोळ्या झाल्या.

शकुनला झोप मात्र येत नव्हती. डोळ्यांखाली काळं आलं, हात थरथरायला लागले. तिचे हाल चतुराबाईंना बघवेनात, म्हणून त्यांनी गल्लीतल्या डॉक्टरांना घरी बोलावलं. डॉक्टर भले होते. त्यांनी नाडी पाहिली आणि नीट विचारलं, "आणखी काही औषध चालू आहे का?"

दारात दोन शेजारणी उभ्या होत्या. चतुराबाई म्हणाल्या, "नाई बाप्पा. शक्तीच्या गोळ्या खाते फकत."

"शक्तीच्या ना? चालू द्या," डॉक्टर म्हणाले, आणि झोपेच्या गोळ्या लिहून गेले. त्या आल्या माझ्या उजव्या खणात.

माझ्या दोन खणांच्या मध्ये बोटभर जाडीची फळी आहे. तेवढ्या अंतरावर ती दोन औषधं शेजारी शेजारी होती, आणि ज्या दोघांनी ती दिली त्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता. मला माहीत होतं. पण माझं माहीत असणं कुणाच्या काय कामाचं?

शकुन झोपू लागली. घराला बरं वाटलं. मग ती दिवसाही झोपू लागली. बोलताना जीभ जड व्हायची, चौकटीला खांदा आपटायचा, दुधावर लक्ष ठेवायला बसवलं तर दूध उतू जाऊन चूल विझायची. सगळ्यात वाईट म्हणजे तिला आठवेनासं झालं. गोळी घ्यायची, पडायची, उठून माझ्यापुढे बसायची आणि आरशाला विचारायची, "घेतली काय व म्या?" त्या घरात मला एवढंच विचारलं गेलं, आणि त्याचं उत्तर मला देता आलं नाही. ती जरा वेळ वाट पाहायची आणि उजवा खण ओढायची. तो लोण्यासारखा सरकायचा.

मग सुपारी फोडायचा दिवस उजाडला. दुपारी धामणगावचे पाहुणे यायचे होते. सकाळचं जेवण आटोपल्यावर चतुराबाई सुनेला म्हणाल्या, "पोरी, पाव्हने येयेपर्यंत जराशी पडून घे. चेहरा ताजा दिसन." शकुननं गोळी घेतली. मग खूप दिवसांनी ती वेणी घालायला बसली. अर्धी वेणी झाली आणि तिनं विचारलं, "घेतली काय व म्या?" पुन्हा खण ओढला. त्यानंतर पुन्हा एकदा. अर्ध्या वेणीनिशी ती माझ्याशेजारीच सतरंजीवर कलंडली. माझं झाकण उघडंच होतं आणि तिचं तोंड माझ्या आरशापासून वीतभरावर होतं.

तिचा श्वास माझ्या काचेवर उमटत होता. पाहुणे आले. बाहेरून चतुराबाईंचा आवाज आला, "हळू बोला माय, सूनबाईचा डोया लागला. लई दिवसानं झोपली बिच्चारी." बैठक कुजबुजत बोलू लागली. माझ्या काचेवरचा वाफेचा डाग आधी तळहाताएवढा होता, तो बंद्या रुपयाएवढा झाला. बाहेर सुपारी फुटली, साखर वाटली. डाग कुंकवाच्या टिकलीएवढा झाला. मी ओरडले. माझं झाकण आपटावं, खण खाली पडावेत, मी स्वतःच तुकडे तुकडे होऊन पडावं, असं मला वाटलं. पण लाकूड लाकडासारखंच बसून राहिलं. एक अख्खं घर पाऊल न वाजवता तिच्या झोपेला जपत होतं.

पाहुणे गेले आणि बेबीताई चहा घेऊन तिला उठवायला आली. कपबशी तिच्या हातातून पडली. डॉक्टर धावत आले. "झोपेच्या गोळ्यांबरोबर आणखी काय दिलं हिला?"

"शक्तीच्या..." चतुराबाई म्हणाल्या.

"कसली शक्ती, मावशी? औषधाचं नाव सांगा!"

दारात सगळी आळी जमली होती आणि सुपारी आत्ताच फुटली होती. चतुराबाईंनी दाराकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. बेबीताई माझ्याकडे झेपावली. लग्न तिचंच होतं, पण तिनं मागेपुढे पाहिलं नाही. डावा खण अडला. मोतीरामा, तुझ्या त्या कारागिरीला मी त्या क्षणी लाखोली वाहिली. बेबीताईनं दोन्ही हातांनी हिसडा देऊन खण उपसला आणि बाटली डॉक्टरांच्या हातात दिली. "डोक्याच्या डाक्टरच्या हायेत. नागपूरच्या."

डॉक्टरांनी नाव वाचलं. "अरे देवा. हे मला माहीत असतं तर मी ती गोळी लिहिलीच नसती," ते म्हणाले, आणि टांगा बोलावायला धावले.

शकुन दवाखान्यातून परत आली नाही.

तेरावं झाल्यावर धामणगावहून होणाऱ्या विहीणबाई, माणिकबाई, भेटायला आल्या. बेबीताईनं त्यांना काहीच लपवून ठेवलं नाही. चतुराबाई मान खाली घालून सोयरिक मोडायची वाट पाहत बसल्या होत्या. माणिकबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "अवो, यात लपवाचं काय होतं? आमच्या धाकल्या दिराले त्याच डाक्टरच्या गोळ्या चालू होत्या. आता रोज दुकानात बसून राह्यला थो."

चतुराबाई उठून आत आल्या आणि माझ्यापुढे बसल्या. विधवा बाई, वर्षानुवर्षं त्यांनी आरसा पाहिला नव्हता. त्या दिवशी पाहिला. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी विसरणार नाही.

बेबीताईचं लग्न झालं. उद्धव शाळा सुटली तरी घरी लवकर येत नाही. आता झोप उडाली आहे ती चतुराबाईंची. परवा तेच डॉक्टर आले, नाडी पाहिली, आणि जरा घुटमळत त्यांनी तोच प्रश्न विचारला. चतुराबाईंनी मला उचलून ओट्यावर आणलं, दोन्ही खण काढून त्यांच्यासमोर उपडे केले. रक्तदाबाच्या गोळ्या, काढ्याची पुडी, इसबगोल, सगळं. आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात एकेकाचं नाव सांगितलं. नाव येत नव्हतं तिथं बाटली डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे धरली. "वाचा. आता काईच शक्तीचं नाई माह्या घरात."

वाफ वाळून आरशावर राहिलेला तो टिकलीएवढा डाग त्या गडबडीत कुणाच्या तरी पदरानं पुसला गेला. शकुनचं माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं. डावा खण हिसड्यानं सैल झाला आहे, आता तो अडत नाही.

बरं, लावा झाकण. पण त्याआधी आरशात एकदा नीट बघा. तुमचं तोंड दिसतंय ना? मला ते नाही, म्हणून माझी शकुन गेली. डॉक्टर विचारील तेव्हा ते उघडत जा.