चुळबुळीची वही

सिनेमा चालू असताना मी पडद्याकडे पाठ करून बसते. हे ऐकलं की लोकांना वाटतं, बाईचं डोकं फिरलंय. पण मी संकलक आहे. सिनेमा मी इतक्या वेळा पाहिलेला असतो की त्यातला शब्द न् शब्द मला पाठ असतो. मला बघायचे असतात ते बघणारे. पडद्याखाली कोपऱ्यात एक स्टूल, मांडीवर वही, कानामागे पेन्सिल. दर मिनिटाला एक ओळ. कोणी मान वळवली की 'मा', पाय हलवले की 'पा', खोकला आला की 'खो', हसू आलं की 'ह'. माणूस कंटाळला की आधी त्याचे पाय कंटाळतात, तोंड बिचारं बऱ्याच उशिरा जांभई देतं. आमच्या ऑफिसात हिला चुळबुळीची वही म्हणतात.

त्या दुपारी मात्र लोक बसायच्या आधीपासून माझ्याच अंगात चुळबूळ चालली होती. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत माझे बाबा येऊन बसले होते.

प्रदर्शनाआधी साठएक अनोळखी माणसं गोळा करायची, सिनेमा दाखवायचा आणि शेवटी त्यांच्याकडून कार्ड भरून घ्यायचं, अशी आमची रीत. सिनेमाशी संबंध असलेल्या कोणीही त्या खेळाला बसायचं नाही, असा नियम आहे. नियम मीच केलेला. पण बाबा म्हणाले, "कोपऱ्यात बसेन, कार्डही भरणार नाही. माझा शार्क लोकांना कसा वाटतो एवढं बघू दे की!" सात महिने ज्या माणसाने त्या शार्कपायी जेवणाची वेळ पाळली नाही, त्याला नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

आमच्या सिनेमाची ऐपत मुळात अशी, की समुद्र म्हणजे एक मोठा हौद, वादळ म्हणजे दोन पंखे आणि शार्क म्हणजे माझे बाबा. ते गाड्यांच्या सीट आणि सोफे शिवतात, चाळीस वर्षं. शार्क करणारे कारागीर आम्हाला परवडेनात, तेव्हा मीच त्यांचं नाव सुचवलं. त्यांनी फोम कापला, करडं रेक्झिन चढवलं, मेणाच्या दोऱ्याने दुहेरी टाके घातले. दातांच्या तीन रांगा केल्या, एकेक दात हाताने कोरून. "खऱ्या समुद्रात सोडलास तरी दहा वर्षं उसवणार नाही," असं ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. शेवटच्या नामावलीत 'शार्क' असं लिहून पुढे त्यांचं नाव.

होडी उलटल्यावर नायिका सीटची एक गादी धरून तरंगते. ती गादीही त्यांनीच शिवली, पण एका दुपारी आणि कपाळाला आठ्या घालून. कारण मला ती हळूहळू उसवणारी हवी होती.

"म्हणजे कच्ची शिलाई?" ते म्हणाले.

"कच्ची. शेवटी गाठही मारायची नाही."

"चाळीस वर्षांत गाठ न मारता दोरा तोडला नाही मी. हे कुणाला सांगू नकोस, चिमे." चिमी म्हणजे मी, केस पांढरे व्हायला लागले तरी ते नाव काही सुटत नाही.

तर खेळ सुरू झाला. पहिली वीस मिनिटं नेहमीचीच, 'पा', 'खो', 'पा'. मग होडी उलटली. एकोणतिसाव्या मिनिटाला नायिकेच्या बोटाला गादीचा सुटलेला दोरा लागतो. ती तो दाबून धरते, तो आणखी सुटतो. फोमचा एक तुकडा निघून पाण्यावर तरंगत जातो, मग दुसरा. पडद्याच्या उजेडात मला साठ चेहरे दिसत होते आणि एकही हलत नव्हता. दुसऱ्या रांगेतल्या हिरव्या स्कार्फवालीने दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले, जमिनीवरच पाणी आल्यासारखे. बाकी वहीचं पान कोरं. माझ्या धंद्यात कोऱ्या पानासारखं सुख नाही.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला शार्क वर आला आणि त्याने जबडा उघडला.

एक क्षण शांतता. मग चौथ्या रांगेतला एक मिशीवाला फिस्सकन हसला. त्याच्या शेजारचा हसला, मग रांग हसली, मग सगळं थिएटर. 'ह' लिहिता लिहिता माझी ओळ भरली, खालची भरली. मी प्रत्येक चेहरा पाहिला. दाराजवळच्या त्या एका खुर्चीकडे बघायची काही माझी हिंमत झाली नाही.

खेळ संपल्यावर निर्मात्याने कार्डांचा गठ्ठा माझ्यासमोर आपटला. या माणसाला आम्ही पाठीमागे 'झालंच' म्हणतो. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. हौदाला भोक पडलंय? झालंच! नायिकेला ताप आलाय? झालंच!

मी कार्डं वाचायला घेतली. 'हिरॉइनची लिपस्टिक शेवटपर्यंत टिकली, कंपनीचं नाव कळवा.' 'माझ्या नवऱ्याला झोप लागली नाही, म्हणजे सिनेमा चांगला असणार.' 'पाणी खरं होतं का?' आणि मग, 'शार्क अगदी आमच्या सोफ्यासारखा दिसतो.' ते कार्ड मी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं. झालंचने ते परत वर काढलं.

सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली, या प्रश्नापुढे निम्म्याहून जास्त लोकांनी गादी लिहिली होती. 'ती शिवण उसवते तेव्हा.' 'तो दोरा.' 'बाई, तो दोरा ओढू नका!' शार्क कोणीच लिहिला नव्हता.

"शार्क काढ," झालंच म्हणाला. "पाठीचा पाण्यावर दिसणारा त्रिकोण तेवढा ठेव, तोंड नको. तीन दिवसांनी दुपारी नवी माणसं बोलावतो."

"त्याच्यावर सात महिने काम केलंय माणसाने."

"काम झालंय म्हणून दाखवायचं? हसं होतंय सिनेमाचं. काढ. झालंच!"

त्याचं बरोबर होतं, म्हणून तर माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. मूर्ख माणूस चुकीचं बोलला तर सोसतं. बरोबर बोलला की अंगाचा तिळपापड होतो.

मी तडक बाबांच्या दुकानात गेले. ते एका जुन्या खुर्चीचे खिळे उपसत होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "हसले लोक."

"बाबा..."

"घाबरून हसले. तूच म्हणतेस ना, भीतीला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की माणूस हसतो?"

म्हटलं होतं मी. कधीतरी जेवताना ज्ञान पाजळलं होतं, ते आता माझ्याच गळ्यात आलं. ते खिळे उपसायचे थांबून माझ्याकडे बघत होते. साठ चेहऱ्यांवरून मनातलं ओळखणारी मी, पण त्या एका चेहऱ्यापुढे माझी बोबडी वळली.

"हो," मी म्हणाले. "घाबरूनच."

ते परत खिळ्यांना लागले. गुणगुणायलाही लागले. मला तिथे उभं राहवेना.

पुढचे दोन दिवस मी एका जागी टिकले नाही. शार्क काढायची, परत लावायची. अर्धाच जबडा ठेवून बघायची. अंधार करून बघितला, फेस वाढवून बघितला, पण सोफ्याचा काही मासा होईना. खिडकी उघडायची, बंद करायची. नामावली तयार करायला घेतली आणि 'शार्क' या शब्दापाशी येऊन उठले, तीनदा पाणी प्यायले. रोज सकाळी बाबांचा फोन यायचा, "कुठवर आलं?" आणि मी कामाचं निमित्त सांगून ठेवून द्यायची. नामावलीतलं नाव त्यांनी इस्त्रीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी गप्प राहिले असते तर ते त्या सगळ्यांना घेऊन पहिल्याच दिवशी थिएटरात बसले असते, आणि शार्क येण्याची वाट बघत राहिले असते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी उठले, गेले आणि सांगून टाकलं.

"बाबा, मी खोटं बोलले. लोक शार्कला हसले. मी तो काढलाय."

ते बराच वेळ दोरा गुंडाळत राहिले. गुंडाळून झाला तरी हात थांबेनात.

"सगळा?"

"पाण्यावरचा त्रिकोण आहे."

"आणि लोक घाबरतात कशाला मग?"

"गादीला. तुमच्या गादीला, बाबा. पाय वर घेतात लोक."

मला वाटलं होतं, याने त्यांना बरं वाटेल. आगीत तेलच पडलं. "ती कच्ची शिलाई?" ते ओरडले. "माझं पक्कं काम कचऱ्यात आणि ज्याची मला लाज वाटते ते जगाला दाखवणार? उद्या एखादा म्हणेल, याच्याकडून सीट शिवून घेऊ नका, उसवते!" मग आवाज एकदम खाली आला. "माझं नाव काढ त्यातून. नसलेल्या गोष्टीपुढे नाव लावून घ्यायला मी काय बहुरूपी आहे?"

मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. "उद्या दुपारी या," मी म्हणाले. "माझ्या शेजारी बसा. पडद्याकडे पाठ करून, माझ्यासारखे. आणि मग मला काय बोलायचं ते बोला."

येतील असं वाटलं नव्हतं. आले. कडक इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या स्टुलावर बसले. नवी माणसं, नवी चुळबूळ. सुरुवातीला ते छताकडे बघत होते. मग एका खोकणाऱ्या म्हाताऱ्याकडे. मग होडी उलटली आणि मागून पाण्याचा आवाज आला.

एकोणतिसावं मिनिट. मी वहीकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघत होते. समोर एका जाड्या माणसाने शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला होता आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. मागच्या रांगेत दोन मैत्रिणी खुर्चीवर पाय घेऊन मुटकुळं करून बसल्या. बाबा पुढे वाकले. त्यांचा उजवा हात गुडघ्यावरून उठला आणि हवेतच दोरा ओढून आवळायला लागला. एकदा, दोनदा.

"गाठ मारायला हवी होती गं," ते कुजबुजले. "बुडेल ती."

एक्केचाळिसाव्या मिनिटाला पाण्यावरचा त्रिकोण खाली गेला. आता तिथे नुसतं पाणी होतं. मागच्या रांगेतून कोणीतरी किंचाळलं. माझं पान कोरं होतं, पण ते लोक हलले नाहीत म्हणून की मी लिहायचं विसरले म्हणून, मला कळेना.

नामावली सुरू झाली तेव्हा बाबा पहिल्यांदा वळले. 'शार्क' आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव, आजोबांच्या नावासकट.

"काढ म्हटलं होतं ना?"

"राहिलं," मी म्हणाले.

"आता हसतील."

ते मान खाली घालून हशा उठण्याची वाट बघत राहिले. कोणी हसलं नाही. लोक खुर्चीखाली चपला शोधत होते.

थिएटर रिकामं झालं. झालंच कार्डं ठेवून फोनवर बोलत बाहेर गेला. आम्ही दोघं पहिल्या रांगेत बसून गठ्ठा वाटून घेतला. माझ्या वाट्याला गादी, गादी, लिपस्टिक, गादी. बाबा प्रत्येक कार्ड लांब धरून वाचत होते, खाली ठेवत होते. एक कार्ड त्यांनी खाली ठेवलं नाही. परत वाचलं. मग मला दाखवलं, पण हातात दिलं नाही.

'सगळ्यात जास्त भीती : शार्क जबडा उघडतो तेव्हा. दातांच्या दोन रांगा अगदी खऱ्या. घरी जाताना पुलावरून जायचं आहे, आता त्या पाण्याकडे बघवणार नाही.'

या सिनेमात जबडा नव्हता. एकही दात नव्हता. शेवटचा दात मी स्वतः काल काढला होता.

"बाबा, या माणसाने काहीच..."

"थांब," ते म्हणाले. त्यांनी माझ्या कानामागची पेन्सिल काढून घेतली. कार्ड गुडघ्यावर ठेवलं, 'दोन' हा शब्द नीट खोडला आणि त्याच्यावर लिहिलं, 'तीन'.