यंदाची ओळ

सिदेरिस करवत घेऊन निघाला, तेव्हा त्याची बायको आर्गिरो भांडी घासत होती.

"कुठे?"

"यंदाची ओळ कापायची राहिलीये. पाऊस जाईल नि तू विचारत बसशील."

यंदाची ओळ सोमवारी कापून झाली होती. आज शुक्रवार. आर्गिरोने हात पुसले आणि त्याच्या मागोमाग निघाली.

सान्तोरिनी बेटावरच्या वाऱ्यात द्राक्षाची वेल उभी राहत नाही. फांद्या जमिनीलगत गोल वळवून तिची टोपली विणायची. घड आत, वाऱ्याआड वाढतात. ऐंशीएक वर्षांनी टोपली जून होते. मग ती बुंध्यापासून कापतात, मुळातून नवे कोंब फुटतात आणि तिसऱ्या वर्षी वाइनपुरती द्राक्षं मिळतात. म्हणून हिवाळ्यात एकच ओळ कापायची. पाऊस कमी झाला तर निम्मी मुळं फुटतच नाहीत.

मळ्यात दहा ओळी होत्या. चार कापलेल्या होत्या. ज्वालामुखीच्या पांढऱ्या राखेत टोपल्या उलट्यापालट्या पडल्या होत्या.

सिदेरिस थबकला. "हे कुणी केलं?"

"तूच केलंस. रोज एक."

"मला वेड लागलंय का? लुकासचंच काम हे. त्याचा डोळा आहे आपल्या मळ्यावर." मग तो खाली बसला आणि तोंड झाकून रडला. दुपारी जेवताना त्याने विचारलं, "उद्या ओळ कापू ना?"

तिने करवत पिठाच्या डब्यामागे लपवली. शनिवारी रात्री तो शेजारच्या लुकासचीच करवत मागून घेऊन आला.

"मावशी, मला काय ठाऊक," लुकास म्हणाला. "छाटणीच्या दिवसांत माणूस करवत मागतो, देतो आपण. त्यांना खरं सांगून टाका."

"सांगितलं. रोज नव्यानं रडतो. आज चर्चला नेलं, तर प्रार्थना अर्धी टाकून मळ्यात गेला."

त्या रविवारी पाचवी ओळ गेली.

सोमवारी तिने एक युक्ती केली. त्याला कापलेल्या ओळीपाशी नेलं. "ही घे. हीच यंदाची."

त्याने बुंध्यावर अंगठा फिरवला. "ही कापलेली आहे. पन्नास वर्षं माझ्याबरोबर काम करतेस आणि एवढंही दिसत नाही तुला?"

तो सहाव्या ओळीकडे गेला, गुडघ्यावर बसला, राख बाजूला सारली. करवतीची जागा बरोबर होती, कोंबाच्या डोळ्याच्या दोन बोटं वर. वाकडा किंवा घाईचा असा एकही घाव नव्हता.

"सिदेरिस, नको रे."

"धर."

बुंधा एव्हाना अर्धा कापला गेला होता. टोपली धरली नाही तर तिच्या वजनाने तो खालपर्यंत चिरतो. मग मूळ मरतंच.

आर्गिरो त्याच्यासमोर बसली आणि दोन्ही हातांनी टोपली उचलून धरली.

"अशी," तो म्हणाला. "हलवू नकोस."