सरळ केलेल्या चार खाचा

महिपती पेंटरने गिऱ्हाईकाची चूक कधी बोर्डावर जाऊ दिली नव्हती. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातले मिठाईवाले, फर्निचरवाले, जीन्स शिवणारे त्याच्याकडे मिळेल त्या कागदावर काहीबाही काढून आणत. कुणाची अक्षरं उताराला लागलेली, कुणाच्या कमळाचा देठ मोडलेला. महिपती काही विचारत नसे. भिंतीवर उतरवताना तो सगळं आपसूक सरळ करी आणि नंतर त्याबद्दल बोलतही नसे. गिऱ्हाईकाला त्याचा हात वाईट आहे हे सांगायचं नसतं, असा त्याच्या धंद्यातला शिष्टाचार होता.

१९९१च्या ऑगस्टमध्ये अंबरनाथच्या एका ज्युनिअर कॉलेजात त्याला वर्गाची भिंत रंगवायचं काम मिळालं. काम सांगणाऱ्या उमा टिपणीस मॅडम रसायनशास्त्र शिकवायच्या. तीन वर्षं त्या तात्पुरत्या होत्या. दर जूनला नवं पत्र मिळायचं आणि एप्रिलला संपायचं. येत्या शुक्रवारी संस्थेची तिघांची समिती त्यांचा तास बघणार होती आणि त्यावरून त्यांना कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. हे त्यांनी महिपतीला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, कारण रंग शुक्रवारच्या आत वाळायला हवा होता.

त्यांनी त्याच्या हातात आलेखाचा कागद दिला. त्यावर पेन्सिलीने वीस ठिपके होते, हायड्रोजनपासून कॅल्शियमपर्यंत, आणि ते जोडणारी रेघ. ही आयनीभवन ऊर्जा, त्या म्हणाल्या. म्हणजे अणूच्या सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन ओढून काढायला किती जोर लागतो त्याचं माप. आवर्तसारणीच्या रांगेत डावीकडून उजवीकडे गेलं की केंद्राची पकड घट्ट होत जाते, म्हणून रेघ चढत जाते. मग नवी रांग सुरू झाली, की बाहेरचा इलेक्ट्रॉन लांबच्या कवचात जातो, पकड ढिली पडते आणि रेघ एकदम कोसळते.

चढत जाते, मग कोसळते. महिपतीने एवढं डोक्यात पक्कं बसवलं. दोऱ्याला नीळ लावून त्याने भिंतीवर चौकटी मारल्या, शंभर किलोज्यूलला एक इंच असं प्रमाण धरलं आणि तीन दिवसांत सात फूट रुंद निळी रेघ उभी केली. गुरुवारी दुपारी काम संपलं. धूळ बसू नये म्हणून त्याने खोलीला कुलूप लावलं. मॅडम दिवसभर प्रॅक्टिकलमध्ये अडकलेल्या होत्या, त्यामुळे त्यांनी भिंत पाहिली ती थेट शुक्रवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी. तास साडेदहाला होता.

महिपती शिडी न्यायला आला होता. आता शाबासकी मिळणार म्हणून तो दाराशी थांबला. मॅडम भिंतीकडे बघत राहिल्या, मग पुढे होऊन त्यांनी बोरॉनच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"दादा, इथे खाच होती ना?"

"होती की. चार होत्या," महिपती म्हणाला. "चढत जाते म्हणालात, आणि मध्येच रेघ खाली. म्हटलं, हात हलला असेल मॅडमचा. काढून टाकल्या."

मॅडम पहिल्या बाकावर बसल्या. त्या रागावल्या असत्या तर महिपतीला सोपं गेलं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की आजचा सगळा पाठ त्या चार खाचांचाच आहे. रेघ चढते हे कुणीही सांगेल. चढता चढता ती चार जागी का घसरते, तेच समितीला ऐकायचं आहे.

पुसून पुन्हा मारतो, महिपती म्हणाला. पण ऑइल पेंट होता. वर पांढऱ्या रंगाचा हात दिला तर तो वाळायलाच दुपार झाली असती. मग त्याने भिंतीवर चादर टांगायचं सुचवलं. मॅडमनी घड्याळ पाहिलं.

"न पुसता वरून लाल रेघ मारता येईल? वर्ग चालू असताना?"

"येईल. पण मग सगळ्यांना दिसणार, पेंटर चुकला म्हणून."

"मीही चुकलेच आहे. चढत जाते एवढंच सांगून मोकळी झाले. तुम्हाला चालेल का ते सांगा."

सत्तावीस वर्षांत महिपतीची चूक भिंतीवर कुणी पाहिली नव्हती. त्याने जरा वेळ शिडीचा बांबू चाचपला, मग लाल रंगाचा डबा उघडला आणि मागच्या खिडकीशी जाऊन बसला.

साडेदहाला वर्ग भरला. समितीचे तिघे शेवटच्या बाकावर बसले. त्यांतले गुरुदत्त सर एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. चष्मा कपाळावर ठेवून ऐकायची त्यांची सवय. मॅडमनी आकड्यांचा तक्ता वाटला आणि मुलांना सांगितलं की भिंतीवरची रेघ या आकड्यांशी ताडून बघा, कुठे जमत नाही ते सांगा.

दोन मिनिटं नुसती पानं वाजली. मग मीनल नावाची मुलगी उठली. बेरिलियम आठशे नव्व्याण्णव, बोरॉन आठशे एक, म्हणजे बोरॉन खाली पाहिजे, ती म्हणाली. मॅडमनी मान हलवली आणि महिपती उठला. त्याने हाताखाली काठी टेकली आणि बोरॉनचा ठिपका बेरिलियमच्या सुमारे इंचभर खाली उतरवत लाल रेघ ओढली. तोवर मॅडमनी कारण सांगितलं. बोरॉनचा पाचवा इलेक्ट्रॉन आतल्या खोलीत मावत नाही, त्याला बाहेरची खोली मिळते. तिथून त्याला ओढून काढणं सोपं.

मग कुणाला तरी ऑक्सिजन सापडला. बाहेरच्या खोल्या तीन, नायट्रोजनच्या तिघांना एकेक मिळते. ऑक्सिजनचा चौथा आला की एका खोलीत दोघं, आणि ते एकमेकांना ढकलतात. मग त्यातल्या एकाला काढायला कमी जोर पुरतो. चाळीत राहणाऱ्या मुलांना हे जास्त समजवावं लागलं नाही. ॲल्युमिनियमही सापडलं, त्याचं कारण बोरॉनचंच. महिपती सांगितल्या जागी लाल रेघ मारत गेला आणि पुढची रांग आधीच्या रांगेसारखीच वागते हे मॅडमनी न सांगता मुलांच्या लक्षात आलं.

"झालं सगळं?" मॅडमनी विचारलं. वर्ग म्हणाला, झालं.

महिपती घुटमळला. मग घसा साफ करून हळूच म्हणाला, "मॅडम, एक राहिली. या पी अक्षराच्या पुढची."

मुलांनी तक्ते पाहिले. फॉस्फरस एक हजार बारा, सल्फर एक हजार. बाराचाच फरक, सगळ्यांच्या नजरेतून निसटलेला. गुरुदत्त सरांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"तुम्हाला हो कशी दिसली ही?"

"मीच काढून टाकली होती साहेब. भिंतीवर सूतभर, इंचाचा आठवा हिस्सा भरली असती."

वर्ग हसला. महिपतीही हसला, आणि सल्फर फॉस्फरसच्या सूतभर खाली घेऊन त्याने शेवटची लाल रेघ मारली.

तास संपल्यावर गुरुदत्त सरांनी मॅडमना विचारलं की ही चुकीची रेघ मुद्दाम काढून घेतली होती का. युक्ती छान होती. हो म्हणणं सोपं होतं. खिडकीशी ब्रश धुणाऱ्या महिपतीला वाटलं, म्हणाव्यात हो. मॅडमनी घडलं तसं सगळं सांगितलं, स्वतःच्या अर्ध्या वाक्यासकट.

"वीस मिनिटांत हा पाठ बसवलात?" सरांनी एवढंच विचारलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

आठ दिवसांनी महिपती भिंतीच्या कडा रंगवायला पुन्हा अंबरनाथला गेला, तेव्हा मॅडमनी त्याला पेढा दिला. पत्र आलं होतं, यावेळी त्यावर एप्रिल नव्हता. निळी रेघ पुसून टाकू का, असं त्याने विचारलं. नको, त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षीच्या मुलांनाही शोधू दे.

त्याच आठवड्यात कॅम्पातल्या एका सिंधी हलवायाने दुकानाच्या बोर्डासाठी कढईचं चित्र काढून आणलं. कढईचा एक कान वर, एक खाली. महिपतीने सवयीने सरळ काढायला खडू उचलला, पण मग थांबला.

"शेठ, ही अशीच पाहिजे का?"

हलवायाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि महिपतीकडे बघितलं. "अरे साईं, आज तक तो कभी पूछा नहीं. हाथ हिल गया था. सीधा कर दे."

महिपतीने कान सरळ केला.