मला ओढून उठू नका!

पैज लागली आवारातल्या नळापाशी. सिलिंडर पोचवणारा पैलवान म्हणाला, "काकू, तुमचं वजन पंचेचाळीस किलो, मास्तरांचं नव्वद. तुम्ही त्यांना पलंगावरून उभं करून दाखवलंत ना, तर इथंच सगळ्यांसमोर कान धरून दहा उठाबशा काढीन."

"आणि नाही जमलं तर मी काढीन!" काकूंनी बादली आपटली.

शेजारपाजाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. फुकटची करमणूक कोणाला नको असते?

मित्रांनो, हे सगळं मी वरच्या खिडकीतून ऐकत होतो. कोपऱ्यात उभा होतो. अंगावर तीन ओले टॉवेल आणि एक पायजमा. ओळखलंत का मला? नाहीच ओळखणार. मी एक जुना वॉकर आहे, कपडे वाळत घालायचा दांडा नाही!

कारखान्यात माझ्या ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवल्या, उंची कमी-जास्त करायला पायांना भोकं पाडली, खाली रबरी बूट घातले. मग आठ वर्षं दवाखान्यात नोकरी. एक म्हातारी तर घरी जाताना माझ्या दांडीची पापी घेऊन गेली. पुढे चाकवाले चकचकीत वॉकर आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून आलो टेलरमास्तरांकडे. त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं, आत सळई बसवली होती. मला वाटलं, चला, पुन्हा इज्जत मिळेल.

कसली इज्जत! मास्तरांनी पडल्या पडल्या हुकूम सोडला, "दोन भोकं वर घ्या. माप वाढतंच असावं. चाळीस वर्षं हेच करतोय मी."

वाढतं माप! अहो, मी काय पहिलीतल्या पोराची चड्डी आहे? मला धरलं की मास्तरांचे खांदे कानांना टेकायचे. त्यात उठताना मलाच ओढायचे. मी हलका, मीच उचलला जायचो. दोनदा दोघंही पडता पडता वाचलो. शेवटी मास्तर म्हणाले, "हे डबडं कोपऱ्यात टाका."

चूक त्यांची आणि डबडं मी!

झालं. माझ्यावर टॉवेल आले आणि मास्तरांच्या नशिबी पॉट. गावभराची मापं घेतलेला माणूस, रोज भिंतीकडे तोंड करून बायकोला, म्हणजे काकूंना, म्हणायचा, "जरा पॉट दे गं." संडास पाच पावलांवर होता हो!

पैजेच्या आदल्या दिवशी फिजिओथेरपीवाल्या बाई आल्या होत्या. त्यांनी मास्तरांना उभं केलं, हात सैल सोडायला लावले. "दांडी मनगटाशी यायला हवी. मास्तर, माप चुकलंय," म्हणत त्यांनी मला दोन भोकं खाली घेतलं.

"माझं? माप? चुकलं?" मास्तर असे फुगले की बाई जाताच त्यांनी मला परत दोन भोकं वर चढवायला लावलं. पण काकूंनी बाईंनाच पलंगावर बसवून दहादा उठवायचा सराव केला होता. म्हणून तर पैज घेतली.

पैलवान धाडधाड वर आला. "आधी मी दाखवतो," म्हणाला, आणि कोणी अडवायच्या आत मास्तरांच्या काखेत हात घालून त्याने त्यांना उपसलं! स्वतःची पाठ धनुष्यासारखी वाकलेली. अरे, माणूस आहे तो, सिलिंडर नाही!

"खांदा! माझा खांदा!" मास्तर ओरडले. पायात मोजे, फरशी गुळगुळीत. पाय घसरले. काकूंनी धावत जाऊन गुडघ्याला गुडघा लावला आणि त्यांना मागे पलंगावर टेकवलं. मग पैलवानाकडे असं बघितलं की तो आपोआप दाराशी गेला.

मास्तर पांढरेफटक. "नको गं. परत हाड मोडलं तर जन्मभर पॉटच."

"मी उचलणारच नाही तुम्हाला. तुम्ही उठायचं. मी सोबत."

काकूंनी माझे टॉवेल काढले. अहाहा! मला दोन भोकं खाली घेतलं. मास्तरांचे मोजे काढून चपला घातल्या, कमरेला रुंद पट्टा बांधला. त्यांना कडेला सरकवलं. चांगला पाय मागे, दुखरा जरा पुढे, हात गादीवर. स्वतः अगदी जवळ उभ्या राहिल्या, पाय फाकवून, गुडघे वाकवून, पाठ सरळ, हातात पट्टा.

"नाक पुढे न्या, पायाच्या बोटांवर. एक, दोन, तीन!"

मास्तर गादीला रेटा देऊन उठले. स्वतः! मग त्यांनी मला धरलं. खांदे खाली, मान सरळ. जरा वेळाने पुटपुटले, "माप... बरोबर आहे."

मी पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. पाच पावलांची दहा झाली. दाराशी मास्तर थांबले. "आता तू बाहेर."

"कडी लावू नका हं."

"नाही लावत. पण तोंड तिकडे कर."

आतलं मी सांगणार नाही. इज्जतीचा प्रश्न आहे.

मित्रांनो, मी चिडून बोललो, आणखीही चिडेन. तुमच्या घरात माझा कोणी भाऊ असेल तर त्याच्यावरचे कपडे आत्ताच्या आत्ता काढा. त्याचे रबरी बूट झिजलेत का बघा. आणि कुणा आजारी माणसाला काखेत धरून उपसाल तर याद राखा!

संध्याकाळी आवार भरलं. पैलवानाने कान धरले आणि तो कमरेतून वाकला.

"ए, तसं नाही!" वरून आवाज आला. मास्तर खिडकीत उभे होते, मला धरून. "गुडघ्यातून वाक! पाठ सरळ! ही मोजली जाणार नाही!"

आवार खिदळलं. पैलवानाने एकदा वर बघितलं, पाय फाकवले, पाठ ताठ केली आणि परत एकपासून मोजायला लागला.