एकेचाळीस ताटं आणि एक गाय

सर्वपित्री अमावास्येला आमच्या काशीगावात एकूण नऊ जणांना लागलं. गाय त्यात धरलेली नाही. गायीचं वेगळं.

सुरुवात महिपतकाकाच्या अंगणात झाली. आमची भिंत आणि त्याची भिंत एकच, त्यामुळे मला सगळं आधी कळतं. हायवेच्या या अंगाला गोठा म्हणावा असा शेवटचा गोठा त्याचा, आणि गोठ्यात गाय एकच. तांबू. सात महिन्यांची गाभण. मंदाकाकी रोज सकाळी तिला समोरच्या टॉवरच्या गेटाशी पिंपळाखाली घेऊन बसायची. लोक काकीकडून गवताची पेंढी घ्यायचे, तांबूला घालायचे, शेपटीला हात लावून डोळ्यांना लावायचे आणि ऑफिस गाठायचे.

त्या दुपारी काकी गाय घेऊन परत आली, ती गायीसारखीच मान खाली घालून.

"काय घातलंस तिला?" काकाने विचारलं.

"ताटं."

"किती?"

"मोजली न्हाय. एकेचाळीस."

"अगं सटवे, त्यात काय व्हतं?"

"पुऱ्या, वडे, खीर, भात. कनीक पन व्हती कोनाची. पितरांना वाढलेली वाडीच वाडी."

"आन् तू बघत बसलीस?"

"मंग काय करू? लोकांचे मेलेले बापजादे जेवायला आलं, त्यांना न्हाय कसं बोलू? तुमचं तोंड हाय तसं माझं न्हाय!"

यात काकीचा तसा दोष नव्हता. श्राद्धाचं ताट कावळ्याला ठेवायचं असतं. पण टॉवरवाल्यांनी कबुतरं नकोत म्हणून बाल्कन्यांना जाळ्या ठोकल्यात. कावळा येतो, जाळीवर आपटतो, शिव्या देऊन जातो. मग पितरांची सगळी वरात खाली, एकट्या तांबूच्या अंगावर.

काकाने बादली फेकली. काकीने ती चुकवली आणि दुधाची किटली फेकली. काकीचा नेम चांगला आहे. काकाचं कपाळ फुटलं. हा जखमी नंबर एक.

तेवढ्यात तांबू धाडकन गुडघ्यावर आली आणि दोघंही भांडण विसरले. बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये डाव्या कुशीला खळगी असते, भकाळी म्हणतात तिला. ती खळगी गायब होती. तिथे ढोल आला होता. काकाने टिचकी मारली तर खरोखर वाजला. जीभ बाहेर, डोळे पांढरे, श्वास भात्यासारखा.

"फुगली," काका म्हणाला. "दोन जीव जातील आता."

गोडेतेल पाजलं. तोंडात लगामासारखी आडवी काठी बांधली, म्हणजे ती चघळते, लाळ सुटते आणि वारा वर येतो. काही आलं नाही. तिला काठी चावायला लावताना तिने मला मांडीत लाथ घातली. नंबर दोन.

जनावरांच्या डॉक्टर क्षितिजामॅडमना फोन लावला, स्पीकरवर.

"तिचे पुढचे पाय उंचावर घ्या, चढावर उभी करा. मी घोडबंदरला अडकलेय, तास लागेल."

आता काशीगावात चढ कुठून आणायचा? सगळं सपाट. अख्ख्या गावात चढ म्हणावा असा एकच, टॉवरच्या पार्किंगचा रॅम्प. आम्ही तिघांनी गाय ओढत, ढकलत, वॉचमनला बाजूला सारत रॅम्पवर नेली. वॉचमनने काकाची गचांडी धरली म्हणून काकीने त्याच्या मनगटाला चावा घेतला. नंबर तीन.

रॅम्पवर तांबू अर्धं मिनिट उभी राहिली आणि उजव्या कुशीवर आडवी झाली. नेमकी सेक्रेटरीच्या गाडीसमोर.

"मॅडम, पडली!" काका ओरडला. "तास न्हाय तिच्याकडं!"

फोनमधून हॉर्न ऐकू आले, मग मॅडम. "महिपत, सुरी आहे?"

"गवत कापायची हाय."

"धार?"

"रोजची हाय."

"डावी भकाळी. फुगवटा सगळ्यात उंच असेल तिथं. टोक खाली आणि पुढं, पलीकडच्या पुढच्या पायाच्या कोपराच्या दिशेनं. एका दमात खुपसा, मग पातं जरा फिरवून धरा आणि भोकात नळी घाला. घाबरलात तर गेली."

नळी म्हणून मी सोसायटीच्या बागेतला पाण्याचा पाइप कापला. काकाने सुरी उचलली. त्याच्या कपाळातून रक्त गळत होतं, तोंडात शिव्या होत्या, पायाखाली गाय होती. याच चित्रावर लिफ्टचं दार उघडलं आणि जितेंद्र बाहेर आला.

जितेंद्र म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी. सकाळ-संध्याकाळ जिमला जातो. दंड मांडीएवढे, आणि विचार करायचा भाग त्या मानाने लहान राहिलेला.

"गाय कापतायत!" तो ओरडला. "रॅम्पवर गाय कापतायत!"

श्राद्धासाठी रजा टाकून सगळे घरी होते. मिनिटभरात चाळीसेक माणसं खाली आली. सकाळी जे तिला भरवून मारत होते, तेच आता तिला वाचवायला धावले. पहिला ठोसा काकाच्या जबड्यावर बसला. दात खडकन रॅम्पवर पडला आणि घरंगळत पार्किंगमध्ये गेला.

"अरे, फुगलीय ती! पोट फुगलंय तिचं!" मी बोंबलत होतो.

"और ये पाइप किसने काटा?" कोणीतरी विचारलं, आणि मग मलाही बसली.

पुढे कोण कोणाला मारतंय ते कळेना. दोघांनी काकाचे पाय धरले, एकाने चुकून दुसऱ्याच्या कानाखाली काढली, दुसऱ्याने ती मनावर घेतली. नंबर चार ते आठ हे एकमेकांच्याच हातचे. काकी किटली फिरवत होती. फोन खाली पडला होता आणि त्यातून मॅडम एकट्याच ओरडत होत्या, "भोसकलं का? अहो, भोसकलं का?" त्यामुळे जमाव आणखीच भडकला.

तांबूचा श्वास थांबत आला होता. काका चौघांच्या खाली होता. त्याचा फक्त उजवा हात मोकळा होता, आणि हातात सुरी.

"मारा मना!" तो खालून गुरगुरला. "मारा! पन हात सोडा, भडव्यांनो, माझी गाय चाललीय!"

तो चौघांना पाठीवर घेऊन गुडघ्यांवर सरकला. दोन वीत. तीन वीत. जितेंद्र सुरी धरायला खाली वाकला, त्याचं तोंड गायीच्या कुशीपाशी आलं, आणि त्याच क्षणी काकाने पातं मुठीपर्यंत आत घातलं.

आवाज ट्रकच्या टायरसारखा झाला. एकेचाळीस घरांचं आंबलेलं श्राद्ध एका भोकातून बाहेर आलं, वाऱ्यासकट, खिरीसकट, आणि सगळं जितेंद्रच्या तोंडावर. तो मागे कोलमडला, स्वतःच्याच गाडीच्या बंपरवर डोकं आपटून बसला. नंबर नऊ. वासाने जमाव दहा पावलं मागे हटला. पोलिसांची गाडी आली असती तरी इतक्या शिस्तीत माणसं हटली नसती.

मी पाइपचा तुकडा भोकात घातला. फुस्स, फुस्स करत ढोल उतरत गेला. काका गायीच्या मानेवर डोकं टाकून पडून होता. हसत होता का रडत होता, सांगता येत नाही. मारानं इतकं सुजलं होतं की त्या दिवशी त्याला तोंडच नव्हतं.

मग तांबूने डोळा फिरवला, मान उचलली, आणि रॅम्पभर घुमेल असा ढेकर दिला.

गर्दीतून जितेंद्रची आई, विमलाबाई, पुढे आल्या. डोळ्यांत पाणी.

"यांचा ढेकर," त्या म्हणाल्या. "अगदी यांचाच. जितेंद्रचे वडील, पंढरीनाथ, जेवून असाच द्यायचे. तृप्त झाले हो!"

चाळीस माणसांनी हात जोडले. जितेंद्रनेही जोडले, चेहरा पुसून.

क्षितिजामॅडम आल्या, भोक शिवलं, सुया दिल्या. पोटातलं वासरू हलतंय म्हणाल्या. आणि काकाच्या कपाळावर टाका घालायला नकार दिला. मी जनावरांची आहे, म्हणाल्या.

पाचव्या दिवशी, घट बसलेले असताना, काका स्वतः गाय घेऊन पिंपळाखाली बसला. तांबूच्या तोंडाला दोरीचं विणलेलं मुस्कं बांधलं होतं, मळणीत बैलाला बांधतात तसं. विमलाबाई ताट घेऊन आल्या. पुऱ्या, खीर.

"आता कसले पितर, बाई?" काकाने विचारलं.

"स्वप्नात आले होते. भूक लागलीय म्हणाले."

"गाय जेवनार न्हाय."

"मग मी हे घेऊन कुठं जाऊ, महिपत? माणूस उपाशी ठेवू?"

काकाने ताटाकडे बघितलं, तांबूकडे बघितलं, आणि आपलं तोंड उघडलं. समोरच्या दाताच्या जागी काळी खिंड होती.

"मना भरवा," तो म्हणाला. "पन पुरी खिरीत बुडवून. दात तुमच्याच पोरानं पाडलाय."

विमलाबाईंनी जरा विचार केला. मग पुरी खिरीत बुडवली.