सुनेचा झाडू

आमच्या सुनेचं एक लक्षण मला पटत नाही. ताट वाढलं की हिचं 'एकच मिनिट' सुरू होतं. त्या मिनिटात माझी अख्खी बाही शिवून होते. त्या दिवशी तर दोन वाजले तरी ताट तसंच, आणि ही कॉम्प्युटरसमोर गालाला हात लावून बसलेली.

पुढच्या खोलीतल्या टेबलाच्या एका टोकाला माझं शिलाई मशीन, दुसऱ्या टोकाला तिचं ऑफिस. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण चुकलेलं माप मला दारातूनच कळतं.

"काय झालं?"

"काही नाही, आई."

"काही नाही, तर तोंड कशाला पाडलंयस?"

मग बोलली. तिच्या ऑफिसात जो तो मुख्य कामातून आपली एक फांदी, म्हणजे वेगळी नक्कल, काढतो, तिच्यावर काम करतो आणि झालं की मुख्य कामात जोडतो. जोडलेल्या फांद्या मागे तशाच पडून राहतात. त्यांचा ढीग झाला म्हणून हिने झाडू बनवला, म्हणजे एक प्रोग्रॅम. जोडलेली फांदी दिसली की काढून टाकायची. साहेबांनी कौतुक करून तो सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर बसवला. आठवडाभर बाईसाहेबांचे पाय जमिनीवर नव्हते.

"मग बिघडलं कुठे?"

"नवीन मुलगी आहे ना आमच्यात, तिची फांदी जोडली होती. दोष निघाला म्हणून जोडलेलं परत काढलं. ती त्याच फांदीवर दहा दिवस दुरुस्ती करत होती. आज झाडू पहिल्यांदा फिरला, त्याने पाहिलं, ही एकदा जोडलेली आहे. उडवली."

"उसवलंय ते नाही बघितलं त्यानं?"

"मी त्याला ते बघायला शिकवलंच नव्हतं."

"आणि ती पोरगी?"

"तिला वाटतंय, तिच्याच हातून पुसलं गेलं. फोनवर रडत होती. माझ्या झाडूचं मी सांगितलं नाही."

"परत मिळेल?"

"तिच्या कॉम्प्युटरच्या पोटात अजून असेल. पण ती आज कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून नव्याने सुरू करणार आहे. मग नाही मिळायचं."

मी पायडल थांबवलं. एक गोष्ट मी या घरात कोणाला सांगितली नव्हती, ती आता तिला सांगितली. एका शिक्षिकेचा कोट शिवून झाल्या झाल्या मी तिच्या मापाचा कागद केरात टाकला होता. चार दिवसांनी ती बाह्या आखडतात म्हणून आली. मी बाह्या उसवल्या, पण कागद कुठला? अंदाजाने कापल्या, आणखी बिघडल्या. मी बेधडक म्हटलं, "बाई, तुमचं कापडच आटलंय." तिने ते खरं मानलं. पुढे कित्येक हिवाळे तोच कोट घालून आमच्या दारावरून जायची. हात वर होत नव्हता, म्हणून मान हलवून हसायची.

एवढं सांगून मी सुनेकडे बघितलं नाही. सुईत दोरा ओवायला घेतला, तो काही ओवला जाईना.

तिने फोन उचलला. "अगं, कॉम्प्युटर पुसू नकोस. तुझी चूक नाही, माझ्या झाडूने उडवलंय."

मग तासभर नुसती खटखट. मधे साहेबांनाही तिने स्वतःच कळवलं. काय ऐकावं लागलं ते तिच्या लाल झालेल्या कानांवरून समजलं. साडेतीनला फोनमधून ती पोरगी एवढ्या मोठ्याने ओरडली की मलाही कळलं, फांदी सापडली.

मी ताट गरम करून आणलं, कापडाचे तुकडे सारून तिच्यापुढे ठेवलं.

"हुशार तू आलीस तेव्हापासून आहेस," मी म्हटलं. "भरवशाची आज झालीस. आता त्या झाडूला आधी वाकून बघायला शिकव. पण जेवून."