सर्वांसाठी खुली अभ्यासिका

पुंडलिककाका पंख्याखालच्या खुर्चीत टेकले आणि त्यांनी वैजयंताच्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला. मिठागरं गेल्यावर आलेल्या पैशातून त्यांच्या भावकीने ट्रस्ट काढून भाईंदरात मोफत अभ्यासिका बांधली होती. जेसल पार्कात ऑफिस थाटून संस्थांची करनोंदणी करणाऱ्या वैजयंतानेच ट्रस्टला देणग्यांवरची सूट मिळवून दिली होती. आता त्या नोंदणीचं नूतनीकरण होतं.

"त्या टायमाला तुम्हीच वाट दाखवली, म्याडम. न्हायतर आमचं घोडं अडलेलंच व्हतं."

अडलं होतं ते एका वाक्यापाशी. 'फक्त ज्ञातीतील मुलांसाठी' असं ट्रस्टच्या घटनेत लिहिलं होतं. आपल्या जातीपुरत्या धर्मादायाला करात सूट मिळणार नाही, हे वैजयंताने समजावलं आणि नवं वाक्य स्वतःच लिहून दिलं: जात-धर्म न पाहता सर्वांसाठी खुली. त्या दिवशी तिने गावी, नांदेडला, बाबांना फोन करून सांगितलं होतं, "आज कायद्याने एक दार उघडलं."

आज तिने पेढ्याला हात लावला नाही.

"काका, काल माझी भाची आली होती तुमच्याकडे. स्नेहल. नर्सिंगची परीक्षा आहे, घरात एका खोलीत पाच माणसं. शेजारच्या दोघी मैत्रिणी पण होत्या बरोबर. दारावर बसणाऱ्या तुमच्या मितेशने आडनावं विचारली आणि 'फुल आहे' म्हणाला. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या."

काका मोकळेपणाने हसले. "तुमची भाची व्हय? मंग आधी सांगायचं ना! उद्याच पाठवा."

"आणि त्या दोघी?"

"आता सगल्यांना कुठं बसवू? कागदावर हाय ना सगल्यांसाठी. तुम्हीच लिवलंय."

वैजयंताने फाइल त्यांच्याकडे सरकवली. "मग हे काम मी करणार नाही."

"राग नगा मानू. तो दुसरा टॅक्सवाला हाय ना, नीलेश, तो करून देतो बोललाय." पेढे मात्र त्यांनी उचलले नाहीत.

संध्याकाळी काकांचा निरोप कळल्यावर स्नेहलने दारातच विचारलं, "मावशी, मी जाऊ ना? परीक्षा आहे गं. टीव्हीच्या आवाजात काही डोक्यात शिरत नाही."

'नको' हा शब्द वैजयंताच्या ओठांवर आला होता. पण आपल्या तत्त्वाची किंमत पोरीने वर्ष गमावून का चुकवायची? तिने तो गिळला आणि दुसऱ्या दिवसापासून स्नेहल अभ्यासिकेत जाऊ लागली.

वैजयंताने धर्मादाय कार्यालयात रीतसर तक्रार केली. चौकशीला अधिकारी आले, घटना वाचली, दालन पाहिलं. मितेशने अदबीने कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट केलं. "साहेब, ह्यांनाच विचारा."

"तुम्ही रोज येता इथे?"

स्नेहल उठून उभी राहिली. सगळे तिच्याकडेच पाहत होते. "हो," ती म्हणाली.

"कुणी अडवलं?"

"मला... नाही."

तक्रारीत तथ्य आढळले नाही, असा अहवाल आला. संस्थेची घटना सर्वांसाठी खुली आहे. तक्रारदाराच्या समाजातील विद्यार्थिनी तेथे नियमित अभ्यास करते.

वैजयंताने तो दोनदा वाचला. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं.